पिल्लू बसले म्हणजे नेमके काय झाले?

(पेडणे तालुक्यातील पशुपालक व शिक्षक यांच्या मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘परसातील पिल्लांचे पायांचे विकार’ असा विषय छापलेला पाहून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल, आणि ते रास्तच आहे. मी पशुवैद्य नाही. मी कला शाखेचा पदवीधर. सरकारी योजनांची माहिती जनतेपर्यंत पोहोचविणे एवढेच माझे काम. पशुवैद्यकीय अधिकारी माझ्यानंतर बोलणार आहेत व औषधोपचाराविषयी तेच अधिकारवाणीने सांगतील. तरीही मी उभा राहिलो, याचे कारण असे की ह्या विषयात माझ्या हातून एक चूक घडलेली आहे. ती छापील अक्षरांत घडली असल्यामुळे तिची दुरुस्तीही चारचौघांत करणे मला आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी परसातील कुक्कुटपालनावर चार पानांचे एक पत्रक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. पशुवैद्यांनी दिलेल्या टिपणात पायांच्या विकारांवर चांगले पाऊण पान मजकूर होता. पत्रकात जागा अपुरी, आणि शेवटच्या पानावर योजनेचा अर्ज छापावयाचा होता. मी ते पाऊण पान एका वाक्यात बसविले: ‘पिल्लांचे पाय लुळे पडल्यास त्यांना पाण्यातून जीवनसत्त्वे द्यावीत.’ वाक्य सुटसुटीत होते, कोणालाही समजण्यासारखे होते. दोष इतकाच की ते अर्धेच खरे होते.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एक बाई ते पत्रक चार घड्या घालून पिशवीत घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांनी घरच्या खुडूक कोंबड्यांखाली अंडी ठेवून पंचवीस पिल्ले काढली होती. ती दहा आठवड्यांची होतात न होतात तोच दोघातिघांचे पाय गेले. बाईंनी पत्रक वाचले, बाजारातून औषधाची बाटली आणली आणि तीन आठवडे नेमाने पाण्यातून पाजली. आजारी पिल्लांना ऊब मिळावी म्हणून त्यांनी ती चुलीजवळ, नुकत्याच फुटलेल्या दुसऱ्या पिल्लांच्या शेजारी ठेवली. ह्यात मायेखेरीज दुसरे काही नव्हते. परंतु त्या पिल्लांना झाला होता तो मॅरेक्स नावाचा विषाणुजन्य रोग. त्यावर जीवनसत्त्वांचा उपयोग होत नाही, आणि आजाऱ्याजवळ कोवळी पिल्ले ठेवणे म्हणजे रोगाला घर दाखविणे. दोन्ही वेळची मिळून एकोणीस पिल्ले गेली. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “साहेब, मी सगळे तुमच्या कागदाप्रमाणे केले. मग चुकले कुठे?”

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी पशुवैद्यांकडे जाऊन ते पाऊण पान पुन्हा समजावून घेतले, आणि नंतरही अनेकदा गेलो. त्यातून जे उमगले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट ही की ‘पाय लुळा पडणे’ हा रोग नव्हे. ते लक्षण होय. माणसाला ताप येतो तो पडशाने येतो, तसा हिवतापानेही येतो. अंग तापले एवढ्यावरून आपण कोणतीही गोळी देत नाही. पिल्लाच्या पायाचेही तसेच आहे. म्हणून औषधाच्या बाटलीला हात घालण्यापूर्वी पिल्लू हातात घ्यावे. ते किती दिवसांचे आहे, एकटेच बसले आहे की बरोबरीची आणखीही बसली आहेत, पाय कोणत्या दिशेला गेला आहे, सांधा गरम लागतो काय, आणि गेल्या पंधरा दिवसांत त्याच्या पोटात काय गेले, इतके पाहिले तरी निम्मे निदान घरातल्या घरात होते. येथे एक खुलासा करतो. कोंबडीच्या पायाच्या मध्यावर जो सांधा आपणांस दिसतो व ज्याला आपण गुडघा म्हणतो तो खरे तर तिचा घोटा होय. तिचा गुडघा वर, पिसांत झाकलेला असतो. मी मात्र आपण म्हणतो तोच शब्द वापरणार आहे.

अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दोनचार दिवसांत ज्या पिल्लाचे दोन्ही पाय दोन बाजूंना फाकतात व जे पोटावर पोहल्यासारखे सरकते, त्याला बहुधा रोग नसतो. त्याच्या पायाखालची जमीन निसरडी असते. उबविताना उष्णता कमीजास्त झाल्यानेही असे एखादे पिल्लू निघते. पण पुठ्ठ्याच्या खोक्यात वर्तमानपत्र अंथरून त्यावर पिल्ले ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यामुळे हा प्रकार पुष्कळ वाढतो. मला हे सांगताना संकोच वाटतो, परंतु माझ्या स्वतःच्या घरी आणलेली पहिली दहा पिल्ले मी आमच्याच प्रकाशनांच्या उरलेल्या गुळगुळीत प्रतींवर ठेवली होती, आणि त्यांतील तिघांचे पाय चौथ्या दिवशी फाकले. सरकारी छपाईचा हा उपयोग मी पुढे कोणाला सुचविलेला नाही. खोक्यात खडबडीत गोणपाट अंथरावे, अथवा भाताच्या तुसाचा बोटभर थर द्यावा. पाय फाकलेल्या पिल्लाला मऊ कापडाच्या अरुंद पट्टीने किंवा जखमेवर लावावयाच्या चिकटपट्टीने दोन्ही पाय साधारण एक इंच अंतर ठेवून एकमेकांना जोडून द्यावेत. इंग्रजी आठच्या आकड्यासारखा वेढा घ्यावा. पट्टी आवळू नये. दाणा व पाणी त्याच्या चोचीजवळ ठेवावे आणि पट्टी रोज सोडून पाहावी. पहिल्या दोनतीन दिवसांतच हे केले तर बहुतेक पिल्ले तीनचार दिवसांत उभी राहतात. दोन आठवडे गेल्यावर केल्यास सहसा काही साधत नाही, कारण तोपर्यंत कोवळी हाडे वाकडी घडलेली असतात.

लंगडणाऱ्या पिल्लाच्या बोटांत व पायाला धागा तर गुंतलेला नाही ना, हेही प्रथम पाहावे. नारळाचा काथ्या, सुंभाचे तंतू, नायलॉनचा दोरा, मासे पकडण्याच्या जाळ्याचा तुकडा, घरातल्या मुलीबाळींचे गळलेले केस, सारे आपल्या अंगणात असते. तंतू इतका बारीक असतो की चामडीत रुतल्यावर दिसत नाही. तो वेळीच कापून काढला नाही तर पुढचा भाग काळा पडून गळून जातो. ज्या दुखण्याला बाटलीभर औषध लागले असते, त्याला कधी कधी नुसती लहान कात्री पुरते.

आता आहाराविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण आपल्या भातखाऊ प्रदेशाचा ह्याच्याशी निकटचा संबंध आहे.

1890च्या सुमारास जावा बेटावरील बटाव्हिया येथे, म्हणजे आजच्या जकार्ता शहरात, क्रिस्तिआन आयक्मन नावाचे एक डच वैद्य बेरीबेरी ह्या रोगाचा शोध घेत होते. ह्या रोगात माणसांचे पाय लुळे पडत. तो जंतूंमुळे होतो अशी त्या काळची समजूत होती, आणि प्रयोगासाठी आयक्मन यांनी कोंबड्या पाळल्या होत्या. एके दिवशी त्या कोंबड्यांचीच चाल अडखळू लागली, पाय लटपटू लागले, त्या बसू लागल्या. रोग टोचलेल्या कोंबड्या बसल्या, तशा न टोचलेल्याही बसल्या. आणि काही महिन्यांनी, कोणी काही न करता, हा प्रकार आपोआप थांबला. चौकशी केली तेव्हा कळले की मधल्या काळात कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील शिजवलेला पांढराशुभ्र भात घातला जात होता. पुढे स्वयंपाकी बदलला, आणि लष्कराचा तांदूळ मुलकी कोंबड्यांना घालण्यास नव्या स्वयंपाक्याने नकार दिला! मग कोंबड्यांना साधा, कोंड्यासकट असलेला तांदूळ मिळू लागला आणि त्या बऱ्या झाल्या. एका शिस्तप्रिय आचाऱ्याच्या नकारातून जीवनसत्त्वांच्या शास्त्राचा पाया घातला गेला. आयक्मन यांना 1929 साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. त्या आचाऱ्याला काय मिळाले याची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही.

तांदूळ सडून पांढरा करताना जे ‘ब1’ जीवनसत्त्व कोंड्याबरोबर निघून जाते, त्याच्या अभावी बटाव्हियाच्या कोंबड्या बसल्या होत्या. आपल्याकडचा उकडा तांदूळ ह्या बाबतीत बरा. भात उकडताना हे जीवनसत्त्व कोंड्यातून दाण्यात उतरते. परंतु तेवढ्यावर पिल्लू वाढत नाही. त्याच कुटुंबातील ‘ब2’, ज्याला रायबोफ्लेविन म्हणतात, ते तांदळात मुळातच थोडे. ते कमी पडले की दोनतीन आठवड्यांच्या पिल्लाच्या पायांची बोटे मुठीसारखी आत वळतात आणि ते गुडघ्यांवर बसून सरकू लागते. डोळे तरतरीत असतात, भूकही असते, पण दाण्यापर्यंत पोहोचता येत नाही. ह्या एका विकाराला माझे ते जुने वाक्य लागू पडते. पशुवैद्यांनी सांगितलेले जीवनसत्त्व पाण्यातून दिल्यास, आणि बोटे वळू लागल्याबरोबर दिल्यास, पिल्लू काही दिवसांत सावरते. ते पाणी रोज बदलावे व उन्हात ठेवू नये, कारण उजेडाने हे जीवनसत्त्व नाश पावते. थोडे ताक आणि कोवळा पाला हेही ह्या कामी उपयोगी आहेत. उशीर झाला तर मज्जातंतूंची झालेली हानी भरून येत नाही आणि बोटे वाकडीच राहतात.

मग आपल्या आजीच्या काळी पिल्ले कणीवरच वाढत होती, त्यांचे पाय का वळत नव्हते, असा प्रश्न कोणीही विचारील. ती कणीवर वाढत नव्हती. कणी आजी घालीत असे; बाकीचे कोंबडी घालीत असे. ती पिल्लांना परसभर हिंडवी, पाचोळा उकरी, वाळवी, किडे, गांडुळे व कोवळे गवत त्यांच्या चोचीपुढे टाकी, आणि मधूनमधून उन्हात पंख पसरून बसे तेव्हा पिल्लेही उन्हात बसत. आज आपण केंद्रातून एक दिवसाची पिल्ले आणतो. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी तयार केलेल्या वनराजा व ग्रामप्रिया ह्या जाती आपल्या ओळखीच्या आहेत. ही पिल्ले आईविना येतात. त्यांची आई आपण होतो, आणि आई होऊन त्यांना डालग्याखाली कोंडून नुसती कणी घालतो. सहा आठवडे तरी त्यांना पिल्लांसाठीचे तयार खाद्य द्यावे, असे पशुवैद्य सांगतात ते ह्यासाठी. सहा आठवड्यांनंतर मोकळी सोडल्यावर ती आपले आपण पुष्कळसे मिळवितात. खाद्य परवडत नाही म्हणणाऱ्या भगिनींनी बसलेल्या पिल्लांची किंमत एकदा मांडून पाहावी.

ह्यात आपल्या पावसाळ्याची भर पडते. जून ते सप्टेंबर सूर्यदर्शन दुर्मिळ. पिल्ले पडवीत किंवा माजघरात. अंगावर ऊन पडल्याने तयार होणारे ‘ड’ जीवनसत्त्व त्यांना मिळत नाही, आणि ते नसले की खाल्लेला चुना हाडांत जात नाही. हाच पिल्लांचा मुडदूस. पिल्लू बदकासारखे डुलत चालते, लवकर थकून बसते. चोच दोन बोटांत धरून हलकेच दाबली तर रबरासारखी वाकते. ही परीक्षा कोणालाही करता येण्यासारखी आहे. पावसाने उघडीप दिली की सावलीची सोय ठेवून पिल्ले थोडा वेळ बाहेर काढावीत. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन ह्या कामी निरुपयोगी आहे. खाद्य दमट जागी ठेवू नये. बुरशी आलेले पोते स्वस्त मिळाले तरी आणू नये.

चुन्याचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरी सांगून ठेवतो. तिसऱ्यांचे शिंपले कुटून कोंबड्यांना घालण्याची आपली जुनी रीत उत्तम आहे, पण ती अंड्यावर असलेल्या कोंबडीसाठी. तिला कवच घडवावयाचे असते. पिल्लाच्या खाद्यात शंभर भागांत एक भागाच्या आसपास कॅल्शियम पुरते, तर अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात ते साडेतीन ते चार भाग असते. मोठ्यांचे खाद्य पिल्लांना घातल्यास मूत्रपिंडे बिघडतात आणि हाडेही नीट घडत नाहीत. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात, पिल्लांना पोहोचणार नाही अशा उंचीवर ठेवावा.

कधी कधी एकाच पायाचा गुडघा सुजल्यासारखा दिसतो, खालचा पाय बाहेर वा आत वळतो, आणि सांध्यामागची कंडरा आपल्या खोबणीतून घसरलेली बोटाला लागते. मँगनीज, कोलीन अशा घटकांच्या कमतरतेने हे होते. घसरलेली कंडरा बहुधा परत टिकत नाही. त्या पिल्लाचे काय करावे हे पशुवैद्यांना विचारून ठरवावे; उरलेल्यांचे खाद्य मात्र त्याच दिवशी सुधारावे.

वजनदार जातींबद्दलही बोलले पाहिजे. लवकर अंग धरणाऱ्या पिल्लाचे मांस हाडांच्या पुढे धावते. मांसाच्या कोंबड्यांसाठीचे खाद्य वनराजाला भरपूर घालून ‘आठवड्यात किती वाढली पाहा’ असे कौतुक करणारे लोक मी पाहिले आहेत. महिन्याभराने तेच लोक पाय धरून बसलेले पक्षी दाखवितात. अशा पक्ष्यांना बसावयाची दांडी हातभर उंचीच्या वर बांधू नये. जत्रेत मिळणारी रंगीत पिल्ले मात्र मुलांच्या हट्टाखातरही घेऊ नयेत. ती कोठून आली व त्यांना लस टोचली की नाही, हे सांगणारा तेथे कोणी नसतो.

गुडघा वा तळवा सुजलेला, गरम, आणि हात लावताच पिल्लू ओरडते, असे असेल तर सांध्यात जंतूंचा शिरकाव झालेला असतो. ओली झालेली तुसाची गादी, काटा, तारेचे टोक, अशी कारणे असतात. येथे जंतुनाशक औषध लागेल, पण कोणते व किती हे पशुवैद्यच सांगतील. शेजारणीकडच्या उरलेल्या गोळ्या चालणार नाहीत. औषध चालू असताना, आणि बंद केल्यावर पशुवैद्य सांगतील तितके दिवस, त्या पक्ष्याचे मांस वा अंडी खाऊ नयेत.

आता त्या बाईंच्या पिल्लांकडे वळतो. मॅरेक्सचे वर्णन योझेफ मॅरेक ह्या हंगेरियन पशुवैद्यांनी 1907 साली केले. पिल्लू साधारण सहा आठवड्यांचे झाल्यावर केव्हाही तो दिसू लागतो. एक पाय पुढे व एक मागे ताणून पक्षी जमिनीवर पडतो, ही त्याची ठळक खूण. पिसांच्या मुळाशी सुटणाऱ्या कोंड्याबरोबर विषाणू धुळीत मिसळतो, श्वासावाटे दुसऱ्या पक्ष्यात जातो, आणि त्या धुळीत महिनोन् महिने टिकतो. तो अंड्यातून पिल्लात येत नाही व माणसाला होत नाही. वरून धडधाकट दिसणारी कोंबडीही तो बाळगून असू शकते. उपचार नाही. लस आहे, ती 1970च्या सुमारास प्रचारात आली. परंतु ती पिल्लू फुटल्यावर पहिल्याच दिवशी द्यावयाची असते. म्हणून पिल्ले घेताना ‘मॅरेक्सची लस दिली आहे काय?’ हा प्रश्न तोंडाने विचारावा. आणि घरी खुडूक बसविण्यापूर्वी जुने खुराडे धुऊन, चुना मारून, काही काळ रिकामे ठेवावे. आजारी पक्षी नव्या पिल्लांजवळ कदापि ठेवू नये. आधी निरोगी पिल्लांचे दाणापाणी करावे, मग आजाऱ्यांचे, आणि नंतर हात धुवावेत.

पाय लुळे पडण्याबरोबर मान पिळवटणे, धाप लागणे, हिरवी पातळ विष्ठा आणि एकामागून एक मरणे, असे दिसले तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, असण्याचा संभव असतो. तिची पहिली लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकपुडीत थेंब टाकून देतात व पुढची आठव्या आठवड्यात टोचतात. अशा वेळी दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे. मेलेले पिल्लू शेतात फेकू नये. पुरण्यापूर्वी पशुवैद्यांस दाखविता आले तर अवश्य दाखवावे, कारण आतील मज्जातंतू व अवयव पाहिल्यावरच काही रोगांची खात्री पटते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. ज्या मुलांच्या घरी पिल्ले आहेत त्यांना एक साधी वही घालावयास सांगा. पिल्ले कोणत्या तारखेस फुटली किंवा आणली, कोणती लस केव्हा झाली, काय खातात, पहिले पिल्लू कोणत्या दिवशी लंगडले, आणि पाय कसा दिसला याचे चित्र. निबंधापेक्षा हे लेखन मुले मन लावून करतील, आणि पशुवैद्य घरी आले म्हणजे ती वही त्यांच्या किती उपयोगी पडते ते आपणांस दिसेल.

ते जुने पत्रक सुधारून छापलेले आहे. पाऊण पानाचे आता दोन पाने झाले असून, योजनेचा अर्ज वेगळ्या कागदावर आहे. प्रती मागच्या बाकावर ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरी जुनी प्रत असेल त्यांनी तिच्यातील तिसऱ्या पानावरचे ते वाक्य कृपया खोडून टाकावे. मघाशी सांगितलेल्या बाईंना मी नवी प्रत स्वतः नेऊन दिली. त्यांनी ती पूर्ण वाचून मगच घरात घेतली.

पिल्ले बरोबर आणू नयेत असे सूचनेत छापले होते, तरी येताना मला दारातील आंब्याखाली दोन टोपल्या दिसल्या. त्या कोणाच्या आहेत हे मी विचारत नाही. पशुवैद्य आपले भाषण झाल्यावर तेथे जाऊन ती पिल्ले पाहतील. तोपर्यंत त्या टोपल्या आहेत तेथेच असू द्याव्यात, एकमेकींपासून दूर सरकवाव्यात, आणि ज्यांच्या घरी पिल्ले आहेत अशा इतरांनी पाहावयास म्हणून जवळ जाऊ नये.